डब्यावरचे तेल, डब्यातले तेल

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि पाठोपाठ दसरा उजाडला. त्या दिवसांत सकाळी सातच्या सुमारास जो कोणी करळ फाट्यावर उभा राहिला असेल, त्याला झेंडूची माळ अद्याप न उतरलेल्या नव्या कोऱ्या मोटारसायकली अजस्र ट्रेलरांमधून वाट काढीत न्हावा शेवा बंदराकडे जाताना दिसल्या असतील. त्यांवर बसलेली मुले जासई, सोनारी, जसखार, सावरखार, फुंडे, बोकडविरा या गावांची. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या जमिनी बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी गेल्या. त्या जमिनींचे योग्य मोल मिळावे म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. आज त्या घरांतील तरुण बंदराभोवतीच्या गोदामांत आणि कंटेनर यार्डांत, बहुधा कंत्राटावर, कामाला जातो. पाळी रात्री दोन वाजता सुटली तर त्याला घरी पोचवणारे हक्काचे वाहन म्हणजे ही मोटारसायकल. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणच्या लोकलचे आणि अटल सेतूचे एकाच दिवशी उद्घाटन झाले खरे, परंतु लोकल काही रात्रभर धावत नाही आणि त्या भव्य सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा हप्त्यावर घेतलेली ही गाडी निदान कर्ज फिटेपर्यंत तरी कुरकुर न करता चालली पाहिजे, ही त्या घराची निकड असते.

ही गाडी किती वर्षे नीट चालेल, हे तिच्या इंजिनात पडणाऱ्या लिटरभर तेलावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. ते तेल कोणते असावे, या प्रश्नाचे उत्तर वास्तविक केव्हाच दिले गेलेले आहे. ते गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेले असते. तरीही हा प्रश्न प्रत्येक गॅरेजच्या बाकड्यावर नव्याने का उपस्थित होतो आणि बहुधा चुकीचा का सुटतो, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचा एक तरुण जासईजवळच्या एका वाहतूक कचेरीत काम करतो. त्याने १०० सीसीची नवी गाडी घेतली. पहिले तेल बदलण्याची वेळ आली तेव्हा कचेरीतील साहेबांच्या मोटारीसाठी आणलेल्या डब्यातील थोडे तेल शिल्लक होते. साहेबांनी ते मोठ्या मनाने देऊ केले. तेल पूर्ण सिंथेटिक, नामांकित कंपनीचे आणि किमतीने त्याच्या नेहमीच्या तेलाच्या दुपटीहून अधिक. नकार कोण देणार? पंधरवड्याभरात गाडी चढाला लागली की इंजिन घोंगावू लागले, पण वेग वाढेना. गॅरेजवाल्याने क्लच घसरत असल्याचे निदान केले. "काका, येवरा महाग तेल हाय म्हंजे चांगलाच आसंल ना?" असे तो मला विचारीत होता. त्याचा प्रश्न भाबडा म्हणता येणार नाही. महाग ते उत्तम, ही समजूत आपल्या साऱ्या बाजारपेठेने त्याच्या मनावर बिंबवलेली आहे.

तेल खरोखरच चांगले होते. परंतु ते मोटारीसाठी चांगले होते. मोटारीत इंजिनाचे तेल इंजिनापुरते असते. गिअरचे तेल निराळे आणि क्लच कोरडा, तेलापासून दूर. मोटारसायकलीत मात्र एकच तेल इंजिनाला, गिअरला आणि क्लचला अशा तिघांना पुरवावे लागते. क्लचच्या प्लेटी त्या तेलात बुडालेल्या असतात आणि त्यांनी एकमेकींना घट्ट धरावे अशी अपेक्षा असते. म्हणजे इंजिनात ज्याने घर्षण कमी करावयाचे, त्याच तेलाने क्लचमध्ये घर्षण टिकवावयाचे, असा हा दुहेरी संसार आहे. इंधन वाचावे म्हणून मोटारींच्या आधुनिक पातळ तेलांत घर्षण घटवणारी रसायने घालण्यात येऊ लागली, तेव्हा ती तेले वापरणाऱ्या मोटारसायकलींचे क्लच घसरू लागले. त्यातून जपानी मोटार-मानक संघटनेने, म्हणजे 'जासो'ने, १९९८ साली चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी स्वतंत्र मानक घालून दिले. त्यात 'एमए' हा वर्ग तेलात बुडालेल्या क्लचसाठी, तर 'एमबी' हा कमी घर्षणाचा, बव्हंशी गिअर नसलेल्या स्कूटरांना चालणारा. पुढे २००६ मध्ये 'एमए'चे 'एमए१' आणि 'एमए२' असे पोटभेद झाले. डब्याच्या पाठीमागे एका चौकटीत ही अक्षरे छापलेली असतात. तरुणाने ती पाहिली असती तर साहेबांचे औदार्य त्याने हात जोडून परत केले असते. पण ती पाहावयाची असतात, हे त्याला कोणी सांगितले होते?

दुसरी गोष्ट आकड्यांची. '१० डब्ल्यू-३०' असे लिहिलेले पाहून तो लॉटरीचा क्रमांक असावा तसे लोक त्याच्याकडे पाहतात. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती सहज वाहते हे सांगतो आणि नंतरचा आकडा तापल्यावर त्याचा दाटपणा किती उरतो ते सांगतो. हा दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाला मोजतात. येथेच गॅरेजमधील सर्वांत लाडका गैरसमज उभा राहतो. "आपल्याकडे उकाडा फार, म्हणून तेल घट्टच पाहिजे," असे सांगून १० डब्ल्यू-३० मागणाऱ्या गाडीत २० डब्ल्यू-५० ओतण्यात येते. हवेच्या उकाड्याचा येथे संबंध किती थोडा आहे! इंजिनातले तेल तापते ते इंजिनाच्या उष्णतेने. बाहेर ३० अंश आहेत की ४० यामुळे त्यात पडणारा फरक कारखानदाराने जमेस धरलेलाच असतो. हीच गाडी आणि हीच पुस्तिका नागपूरच्या मे महिन्यातही विकली जाते. तेथे जे तेल पुरते ते उरणच्या खाऱ्या वाऱ्यात पुरणार नाही, असे मानण्यास काही आधार नाही. उलट, नव्या इंजिनातील फटी अतिशय बारीक असतात. त्यांत दाट तेल सकाळी उशिराने पोचते, आणि त्या पहिल्या काही क्षणांतच इंजिनाची मोठी झीज होत असते. शिवाय दाट तेल ढवळण्यात पेट्रोल खर्ची पडते ते वेगळेच. जुन्या, झिजलेल्या, धूर ओकणाऱ्या गाडीला थोडे घट्ट तेल घालून दिवस ढकलणे समजू शकते. नव्या गाडीला आजोबांची काठी कशाला?

याचा अर्थ १० डब्ल्यू-३० हेच सर्वांना चालते असा मात्र नव्हे. हीरोच्या १०० सीसी स्प्लेंडरला ते सांगितलेले आहे. एनफील्डच्या ३५० सीसी बुलेटच्या घराण्याला १५ डब्ल्यू-५० सांगितलेले आहे. दोघांची यंत्ररचना निराळी म्हणून तेल निराळे. शेजाऱ्याच्या गाडीला काय मानवले याला काडीचे महत्त्व नाही. 'एपीआय' या अमेरिकी संस्थेची 'एसजे', 'एसएल', 'एसएन' अशी अक्षरे असतात. त्यांतील दुसरे अक्षर जसे पुढे जाते तसा दर्जा अलीकडचा. पुस्तिकेत 'एसएल' असेल तर 'एसएन' चालते, परंतु 'जासो'चे अक्षर मात्र जुळलेच पाहिजे. एवढे तीन निकष लक्षात ठेवले की कंपनीचे नाव कोणते हा प्रश्न दुय्यम ठरतो. अधिकृत सेवाकेंद्रात मिळणारा, गाडीच्याच नावाचा डबा बहुधा कोण्या तेलकंपनीनेच भरून दिलेला असतो. त्यात जादू नसते, तसा धोकाही नसतो.

सिंथेटिक की साधे खनिज तेल, यावर मात्र बाकड्यावर तासभर वाद रंगतो. सिंथेटिक तेल उष्णतेत अधिक टिकते आणि थंडीत लवकर वाहते, हे खरे. परंतु १०० सीसीच्या गाडीवर रोज २०-२५ किलोमीटर जाणाऱ्याने दुप्पट पैसे मोजून मिळवायचे काय? नव्या इंजिनाला सिंथेटिक वर्ज्य, असेही एक सोवळे पाळण्यात येते. तेही अर्धसत्य आहे, कारण काही कंपन्या कारखान्यातूनच अर्धसिंथेटिक तेल भरून पाठवतात. नव्या इंजिनाचे खरे पथ्य निराळे. आरंभीच्या दिवसांत एकमेकांवर घासून बसणाऱ्या भागांचा धातूचा बारीक कीस तेलात उतरतो. म्हणून पहिले तेल पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, बहुतेक गाड्यांत ५०० ते १,००० किलोमीटरांच्या आत, बदललेच पाहिजे. येथे आळस करून पुढे सिंथेटिकवर उधळपट्टी करणे म्हणजे बाळाला पहिले दूध नाकारून मोठेपणी बदाम चारण्यासारखे आहे.

न्हावा शेव्याची म्हणून काही खास अडचण आहे काय? आहे, परंतु ती तेलाच्या जातीची नसून तेल बदलण्याच्या मुदतीची आहे. ट्रेलरांच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर अर्धा अर्धा तास सरपटणारी हवेने थंड होणारी गाडी नको तेवढी तापते. तिला वारा मिळतच नाही. किलोमीटरांचा काटा मात्र जागचा हलत नाही. शिवाय भरावाची धूळ आहे, आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागते ते आहेच. गाव ते यार्ड अशा लहान खेपांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे आत जमलेला ओलावा तेलात राहून जातो. तपासणीच्या काडीवर तेल दुधाळ दिसू लागले तर पाणी शिरले असे समजून ते तत्काळ काढावे. नुसते काळे दिसले म्हणून मात्र घाबरण्याचे कारण नाही. काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. बोटाला लावून, अंगठ्यावर घासून "तेल मेले" असा निकाल देणाऱ्या मिस्त्रींचे वैद्यक नाडीपरीक्षेच्या जातीचे. अशा वापरात पुस्तिकेतील मुदतीच्या थोडे आधी तेल बदलणे शहाणपणाचे ठरते, आणि महागड्या तेलाने मुदत ताणण्यापेक्षा ते स्वस्तही पडते. मधल्या काळात गाडी मुख्य स्टँडवर सरळ उभी करून आठ-पंधरा दिवसांनी काडी पाहावी. तेल कमी पडून बसलेली इंजिने चुकीच्या तेलाने बसलेल्या इंजिनांहून थोडी नसतात.

येथवरचे सारे पुस्तिकेत आहे, किंवा असावयास हवे. तथापि पुस्तिका वाचून, अक्षरे जुळवून विकत घेतलेल्या डब्यात तेच तेल आहे याची हमी कोणी द्यावयाची? न्हावा शेव्याला हा प्रश्न नवा नाही. याच बंदरात वंगणतेल म्हणून परदेशातून आलेले १३३ कंटेनर प्रत्यक्षात घातक टाकाऊ तेलाने भरलेले निघाले होते. घातक कचऱ्याच्या आयातीविरुद्ध १९९५ साली दाखल झालेल्या याचिकेच्या सुनावणीत ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ५ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने ते तेल भट्टीत जाळून नष्ट करावे आणि खर्च आयातदारांनी सोसावा, असा आदेश दिला. कागदावर वंगण आणि टाकीत विष, असा हा प्रकार. आणि तो उघड झाला तो न्यायालयाच्या देखरेखीखाली नमुने तपासले गेले म्हणून. कंटेनरचा नमुना घेणारी प्रयोगशाळा असते. एक लिटरच्या डब्याचा नमुना कोण घेणार?

विरोधाभास पाहा. इंजिन तेलाचा बहुतांश भाग ज्या मूळ तेलाचा असतो, ते जहाजांनी ज्या बंदरांतून देशात येते त्यांत न्हावा शेवा आहे. खाडीपलीकडे माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमची वंगण रिफायनरी आहे. याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला कॅस्ट्रॉलचा मिश्रणाचा कारखाना आहे. वंगणाच्या एवढ्या सान्निध्यात राहणाऱ्या तरुणाच्या वाट्याला मात्र गॅरेजच्या कोपऱ्यातील ड्रममधले सुटे तेल येते. ट्रेलरांच्या डिझेल इंजिनांसाठी आणलेले १५ डब्ल्यू-४० तेथे मुबलक असते आणि मापाने मोटारसायकलीतही जाते. त्यात 'जासो'ची कसोटी उतरलेली काही तेले असतात, हे मान्य. पण ड्रमवरचे लेबल केव्हाच निघून गेलेले असते. रिकामे डबे विकत घेणारे लोकही याच रस्त्यावर फिरतात, आणि बिनडागाचा, झाकणाची कडी शाबूत असलेला डबा अधिक भावाने का घेतला जातो, हे न समजण्याइतके कोणी अजाण नसते. ग्राहकाच्या हातात एकच उपाय उरतो. डबा आपल्यासमोर फोडावयास लावणे आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडणे. मिस्त्रीला राग येईल या संकोचाने तो हा उपायही करीत नाही.

वंगणतेलाच्या धंद्यावर शासनाचे लक्ष नाही असे म्हणता येणार नाही. जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली १९८७ सालीच वंगणतेल व ग्रीज यांच्या प्रक्रिया, पुरवठा व वितरणाचे नियमन करणारा आदेश निघाला. परंतु नव्वदच्या दशकाच्या आरंभी हा व्यापार खुला झाल्यावर कंपन्या आणि डबे एवढे वाढले की तो आदेश हाताळणाऱ्या यंत्रणेला ते पेलणे शक्यच नव्हते. आणि जे सहज शक्य आहे तेही केले जात नाही. डबाबंद मालावरील मजकुराचे २०११ चे नियम पाहावेत. डब्यावरील आवश्यक मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, एवढेच त्यांत बंधन आहे. प्रादेशिक भाषा वापरण्यास मनाई नाही, तशी सक्तीही नाही. मग कंपनी इंग्रजी वापरते, तेही भिंग घेऊन वाचावे एवढ्या अक्षरांत. गाडीच्या पुस्तिकेचीही तीच तऱ्हा. मराठी प्रत मागितली तर विक्रेत्याच्या कपाटात ती सापडतेच असे नाही. जाहिरात मात्र अस्खलित मराठीत असते. 'या गाडीला दर्जा अमुक, दाटपणा अमुक, मापे अमुक मिलिलिटर' एवढ्या तीन ओळी मराठीत लिहून टाकीखाली एक टिकाऊ पट्टी चिकटवण्यास कारखानदाराला कितीसा खर्च येणार? टायरातल्या हवेचा दाब सांगणारी पट्टी अनेक गाड्यांवर असतेच. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपुरता असा आग्रह परिवहन खात्याने धरावा आणि ग्राहक पंचायतींनी तो लावून धरावा. मराठी पाट्यांसाठी दुकानदारांशी झगडणाऱ्या पक्षांनाही येथे करण्यासारखे काम आहे. फक्त त्यात काचा फोडण्याची सोय नाही.

त्या तरुणाच्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. साहेबांचे तेल काढले, योग्य तेल भरले. पहिल्या दोनशे किलोमीटरांत फरक पडला नाही, तेव्हा क्लचप्लेटी बदलाव्या लागल्या आणि त्या खर्चासाठी रविवारच्या दोन जादा पाळ्या कराव्या लागल्या. गाडी आता ठीक चालते. डब्याला भोक पाडण्याची सवय त्याने लावून घेतली आहे, आणि मिस्त्री त्याला हसतो.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी प्रस्तुत लेखकाला खटकली. इंजिनातून काढलेले ते तेल मिस्त्रीने बाकड्याखालच्या पिंपात ओतले. वापरलेले तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडेच गेले पाहिजे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करवून घेण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. पिंप कोण नेतो, असे विचारले. एक जण टेम्पो घेऊन महिन्याने येतो, रोख पैसे देतो, असे उत्तर मिळाले. तो ते कोठे नेतो, हे मिस्त्रीला ठाऊक नव्हते. आणि टेम्पो आला नाही तर? मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि गॅरेजच्या मागच्या बाजूला, जेथे भरतीचे पाणी कांदळवनातून आत येते, तिकडे पाहिले.